केबिन क्रूमध्ये नवीन लागलायत? रिपोर्टिंगपासून शेवटच्या चेकपर्यंत सेफ्टीची कामं नेमकी कशी करायची

आधीच सांगते, हे सगळं एअरबस ए३२० डोळ्यासमोर ठेवून लिहितेय, कारण आपल्याकडे नवीन लागलेल्या बहुतेक मुलामुलींची सुरुवात याच विमानावर किंवा बोइंग ७३७ वर होते. तुमच्या एअरलाइनचं मॅन्युअल काही वेगळं म्हणत असेल तर मॅन्युअल खरं, माझा लेख नाही. ट्रेनिंगमध्ये एसइपी (सेफ्टी आणि इमर्जन्सी प्रोसिजर्स), फर्स्ट एड, डेंजरस गुड्स, स्विमिंग पूलमधलं डिचिंगचं, म्हणजे विमान पाण्यावर उतरलं तर काय करायचं त्याचं ड्रिल हे सगळं झालेलं असतंच, पण पहिल्या काही फ्लाइट्सना डोक्यात नुसता ट्रॉलीचा आवाज घुमत असतो आणि शिकलेलं कुठल्या क्षणाला वापरायचं तेच सुचत नाही. म्हणून एका फ्लाइटच्या क्रमाने जाऊया.

एक हिशोब मात्र सुरुवातीलाच डोक्यात पक्का करा. डीजीसीए, म्हणजे आपल्याकडची विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था, तिच्या नियमाप्रमाणे दर ५० सीट्समागे एक केबिन क्रू लागतो, म्हणून १८६ सीट्सच्या ए३२० वर चार जण असतात. हा आकडा जेवणाच्या ट्रेंवरून आलेला नाही, संकटात माणसं बाहेर काढायला किती हात लागतील त्यावरून आलाय. सर्व्हिस एखाद्या दिवशी रद्द झाली तर फार तर कंप्लेंट येईल, पण क्रू कमी पडला तर विमान तसंच पॅसेंजर भरून सोडता येत नाही.

रिपोर्टिंग आणि ब्रीफिंग

ड्यूटीच्या आधीचे १२ तास दारू नाही, हा कायदा आहे, सवलत वगैरे काही नाही. रिपोर्टिंगला ब्रेथ ॲनालायझर होतो आणि तिथे पॉझिटिव्ह आलात तर "अहो मी फक्त माउथवॉश केला होता" हे कोणी ऐकत नाही, कारण अल्कोहोल असलेला माउथवॉश किंवा टूथ जेलसुद्धा वापरायचं नाही असं डीजीसीएने स्पष्ट सांगितलंय. खोकल्याचं औषध, होमिओपॅथीचे थेंब, आईने दिलेला कुठला तरी काढा, जे काही घेताय त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचा आणि शंका असेल तर कंपनीच्या डॉक्टरला विचारा.

ब्रीफिंगमध्ये लीड, म्हणजे केबिन क्रूची प्रमुख, तुम्हाला पोझिशन देते आणि एखादा सेफ्टीचा प्रश्न विचारते. समजा, "आज तू मागे डाव्या दाराला, टॉयलेटमधून धूर येतोय, काय करशील?" इथे पाठांतर म्हणून नका सांगू. आज माझी पोझिशन कुठली, माझ्या हाताशी कुठला एक्स्टिंग्विशर आहे, माझा जोडीदार कोण, असं आजच्या विमानावर बसवून उत्तर द्या. लीड चांगली असेल तर तिला तेच ऐकायचं असतं. आणि एखाद्या गोष्टीचं उत्तर येत नसेल तर तिथेच विचारा, ब्रीफिंग रूममध्ये अडाणी ठरलेलं परवडतं.

विमानात शिरल्यावर

आधी बॅग ठेवायची आणि लगेच आपल्या स्टेशनचं इक्विपमेंट बघायचं. कॅटरिंगवाले मागे उभे असतात, ग्राउंड स्टाफ "मॅडम बोर्डिंग क्लिअरन्स?" म्हणून दारात येतो, क्लीनरचं काम चालू असतं, आणि या सगळ्या गडबडीत नजर नुसती फिरवून टिक मारायचा मोह होतो. हात लावून बघा.

फायर एक्स्टिंग्विशर: काटा हिरव्यात, पिन आणि सील जागेवर, आणि बाटली ब्रॅकेटमध्ये घट्ट. पीबीइ, म्हणजे धुरात डोक्यावर घालायचा हूड, त्याचं पॅकिंग फुटलेलं नको, कारण त्याच्या साधारण १५ मिनिटांच्या जोरावरच तुम्ही धुरात उभ्या राहणार आहात. ऑक्सिजनची बाटली भरलेली आणि मास्क लावलेला. टॉर्चवरचा छोटा दिवा लुकलुकतोय का. मेगाफोन, फर्स्ट एड किट, डॉक्टरांचं किट, एइडी (हृदयाला शॉक देणारं मशीन) असेल तर त्याचं इंडिकेटर, फायर ग्लव्ह्ज, लहान बाळांची लाइफ जॅकेट्स, डेमो किट, आणि स्वतःच्या जंपसीटखालचं (क्रूची घडीची सीट) स्वतःचं लाइफ जॅकेट, जे नवीन मुली सगळ्यात जास्त विसरतात. जंपसीट हाताने खाली करून सोडा, ती आपोआप वर गेली पाहिजे, नाहीतर इव्हॅक्युएशनला तीच वाट अडवेल. हार्नेस ओढून बघा. इंटरफोन उचलून पुढच्याशी बोला.

त्यानंतर टॉयलेट. कचऱ्याच्या डब्याचं झाकण स्प्रिंगने स्वतःहून बंद होतंय का हे बघायला दोन सेकंद लागतात आणि त्याला कारण आहे. आत कोणी सिगारेट टाकली तर झाकण बंद असलं की हवा कमी मिळते आणि डब्यातला आपोआप चालणारा छोटा एक्स्टिंग्विशर काम करू शकतो. काही कमी किंवा बिघडलेलं दिसलं तर लीडला बोर्डिंगच्या आधी सांगा. नंतर सांगितलंत तर डिले तुमच्या नावावर आणि न सांगितलंत तर त्याहून वाईट.

बोर्डिंग: हसत हसत बघायचं काम

दारात उभं राहून नमस्कार करतो तेव्हा खरं तर आपण माणसं बघत असतो. कोण नीट चालत नाहीये, कोणाला दारू जास्त झालीये, कोण एकटंच लहान मूल आहे, कोणाला सातवा-आठवा महिना आहे, आणि दुसऱ्या बाजूला कोण धडधाकट आहे, कोण युनिफॉर्ममधला डेडहेड (ड्यूटीवर नसून पॅसेंजर म्हणून जाणारा) क्रू आहे, कोण फौजी वाटतोय, म्हणजे गरज पडली तर कोणाला हाक मारायची. हे लिहून ठेवायचं नसतं पण जंपसीटवर बसेपर्यंत दोन-तीन चेहरे आणि सीट नंबर लक्षात असायला हवेत.

इमर्जन्सी खिडकीपाशी बसलेल्यांचं ब्रीफिंग हा भाग बरेच जण उरकून टाकतात. पाय पसरायला जागा मिळते म्हणून जास्तीचे पैसे भरून बसलेले सांगलीचे काका असतात, तुम्ही इंग्रजीत फडाफडा बोलता, ते मान डोलावतात, तुम्ही पुढे जाता. त्यांना काही कळलेलं नसतं. समोरचा मराठी आहे हे कळलं तर सरळ मराठीत बोला: "काका, तशीच वेळ आली तर ही खिडकी तुम्हालाच काढायला लागेल, वजन साधारण १५ किलो आहे, जमेल का? आम्ही ओरडून सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. आधी बाहेर बघायचं, आग दिसली तर उघडायची नाही." मग त्यांनाच विचारा, कधी उघडणार? उत्तर बरोबर आलं तर ठीक, नाही आलं किंवा ते कचरले तर सीट बदला, पैसे भरलेत वगैरे लीड बघून घेईल. ७३७-८०० वर हीच खिडकी वरच्या बाजूला बिजागरीवर आपोआप उघडते, हातात येत नाही, तेव्हा दोन्ही विमानं करत असाल तर वाक्यं मिसळू देऊ नका.

बोर्डिंग चालू असताना इंधन भरणं चालू असेल, आपल्याकडच्या झटपट टर्नअराउंडमध्ये असतंच, तर बेल्ट लावायला सांगायचं नाही, उलट उघडे ठेवायला सांगायचं. मधली वाट आणि दारं मोकळी, आणि दाराजवळ क्रू हजर.

दरवाजा

यावर जरा थांबूया, कारण नवीन माणसाचे हात इथेच थरथरतात.

प्रत्येक दाराच्या खालच्या भागात घडी घातलेली स्लाइड असते. दार आर्म केलं म्हणजे स्लाइडला जोडलेला गर्ट बार जमिनीतल्या ब्रॅकेट्समध्ये अडकला, आणि आता ते दार आतून उघडलं की दाराला आतल्या गॅसचा धक्का मिळून ते झटक्यात उघडणार आणि स्लाइड काही सेकंदांत फुगणार. डिसआर्म केलं की तेच दार साधं दार.

ए३२० वर आर्मिंग लिव्हरला एक पिन असते, तिला लाल फीत. आर्म करताना पिन काढायची, लिव्हर खाली आर्म्डवर न्यायचा, पिन तिच्या जागेत ठेवायची. डिसआर्म करताना लिव्हर वर, आणि पिन परत लिव्हरमध्ये, लाल फीत दिसेल अशी लोंबती. ७३७ वर लिव्हर नाही, तिथे गर्ट बार वाकून हाताने जमिनीतल्या ब्रॅकेटमध्ये अडकवायचा आणि दाराच्या छोट्या खिडकीवरून लाल पट्टा आडवा लावायचा.

काही सवयी लावून घ्या. दाराचं काम चालू असताना कोणाशी बोलायचं नाही, अगदी कोणी पाणी मागितलं तरी. हात लावायच्या आधी मनात म्हणा, मी आता काय करतेय, आर्म की डिसआर्म. झालं की बोटाने दाखवत लिव्हर बघा, पिन बघा. मग क्रॉस चेक, म्हणजे समोरच्याचं दार खरोखर डोळ्यांनी बघायचं. अंगठे दाखवून मोकळं होणं म्हणजे क्रॉस चेक नव्हे.

विमान गेटवर लागल्यावर दार उघडताना ए३२० च्या दाराच्या खिडकीपाशी दोन दिवे असतात. हँडल अगदी थोडंसं उचललं आणि पांढरा स्लाइड आर्म्डचा दिवा लागला तर थांबा, हँडल खाली सोडा, दार अजून आर्म्ड आहे. लाल केबिन प्रेशरचा दिवा लुकलुकत असेल तर आत अजून प्रेशर उरलंय, दाराला हात लावू नका आणि कॉकपिटला सांगा, कारण उरलेल्या प्रेशरने दार जोरात उघडून समोरचा माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो. बाहेरून ग्राउंड स्टाफने उघडलं तर ए३२० चं दार आपोआप डिसआर्म होतं, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही. चुकून फुगलेली स्लाइड म्हणजे नुसता खर्च आणि डिले नाही, खाली शिडी घेऊन उभा असलेला माणूस जीवानिशी जाऊ शकतो.

हवेत दार उघडता येतं का, हे पॅसेंजर हमखास विचारतात. उंचावर प्रेशरमुळे नाही उघडत. पण अगदी खाली आल्यावर प्रेशरचा फरक कमी झालेला असतो, आणि २६ मे २०२३ ला दक्षिण कोरियात दैगूला उतरताना एशियाना एअरलाइन्सच्या ए३२१ चं दार एका पॅसेंजरने साधारण ७०० फुटांवर उघडलंच. विमान सुखरूप उतरलं. म्हणून दाराजवळच्या सीटवर कोण बसलंय इकडे लँडिंगच्या वेळी लक्ष हवं.

डेमो आणि केबिन सिक्युअर

डेमो कोणी बघत नाही ही खरी गोष्ट, तरी नीट करा, कारण लाइफ जॅकेट विमानाच्या बाहेर पडतानाच फुगवायचं हे वाक्य एखाद्याच्या डोक्यात राहिलं तरी पुरे. २३ नोव्हेंबर १९९६ ला हायजॅक झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं फ्लाइट ९६१ इंधन संपून कोमोरोसजवळ समुद्रात पडलं, तेव्हा बऱ्याच जणांनी जॅकेट आतच फुगवलं होतं आणि पाणी भरल्यावर ते छताला अडकले, खाली बुडी मारून बाहेर येता येईना. १७५ पैकी १२५ जण गेले.

केबिन सिक्युअर करताना बेल्ट, सीट सरळ, ट्रे बंद, खिडक्यांचे शेड वर, बॅगा पायाखाली नाहीतर वर, गॅलीतला प्रत्येक लॅच. शेड उघडे का, तर बाहेर आग आहे का हे आतून दिसावं आणि डोळ्यांना बाहेरच्या उजेडाची सवय असावी, रात्री दिवे मंद करतात तेही याचसाठी. "मॅडम ऊन येतंय हो" म्हणणाऱ्याला हे एका वाक्यात सांगितलं की नव्वद टक्के लोक ऐकतात. बाळाला आईच्या बेल्टला जोडलेला वेगळा बेल्ट, एकाच बेल्टमध्ये दोघं नाही.

जंपसीटवरची ती मिनिटं

टेकऑफनंतरची पहिली ३ मिनिटं आणि लँडिंगच्या आधीची ८, बहुतेक अपघात याच पट्ट्यात होतात म्हणून याला प्लस थ्री मायनस एट म्हणतात. या वेळात मोबाइल नाही, रोस्टरवर गप्पा नाहीत, नखं बघणं नाही. हार्नेस घट्ट, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात तुमच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेत तसे, बहुतेक ठिकाणी मांड्यांखाली दाबलेले. आणि सायलेंट रिव्ह्यू. मनातल्या मनात साधारण असं चालतं: मी मागच्या डाव्या दाराला, दार आर्म्ड आहे, हँडल वर उचलायचं, स्लाइड फुगली नाही तर लाल हँडल ओढायचं, माझं दार ब्लॉक असेल तर समोरचं उजवं, तेही नसेल तर लोकांना पंखांकडे पाठवायचं, टॉर्च इथे, मेगाफोन तिथे, मदतीला २८ सी मधला तो दादा, ब्रेसची, म्हणजे धक्क्यासाठी वाकून बसायची कमांड काय, बाहेर काढायची कमांड काय. तीस सेकंदांचं काम आहे. दर टेकऑफला आणि दर लँडिंगला, दिवसाचा चौथा सेक्टर (उड्डाण) असला तरी. कंटाळा येणार, येऊ दे.

कॉकपिटमध्ये १०,००० फुटांखाली स्टेराइल पिरियड असतो, म्हणजे कामाशिवाय फोन करायचा नाही. आता नवीन क्रू याचा अर्थ असा काढतात की काहीही झालं तरी कॅप्टनला डिस्टर्ब करायचं नाही. चुकीचं! धूर, विचित्र वास, पंखातून गळती, दारातून येणारा नेहमीचा नसलेला आवाज, हे सगळं त्याच वेळी सांगायचं असतं. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ ब्रिटिश मिडलँडचं ७३७-४०० पडलं. बिघाड डाव्या इंजिनात होता, पायलट्सनी बंद केलं उजवं, आणि अनाउन्समेंटमध्येही उजव्या इंजिनाचाच उल्लेख केला. मागे बसलेल्या लोकांनी डाव्या इंजिनातून आगीच्या ज्वाळा येताना पाहिल्या होत्या, पण ही माहिती कॉकपिटपर्यंत पोचलीच नाही. ४७ जण गेले. पायलटला केबिनमधून जे दिसतं ते दिसत नाही, हे लक्षात असू द्या. आणि सांगताना "सर काहीतरी प्रॉब्लेम वाटतोय" असं नको, कुठे, काय, किती वेळ, वाढतंय की कमी होतंय, एवढं सलग सांगा.

वर गेल्यावर: टर्ब्युलन्स

बेल्ट साइन लागलेली असताना कोणी उठलं तर हात जोडून बसवा, पण आधी स्वतःचं बघा, जखमी क्रू कोणालाच मदत करू शकत नाही. २१ मे २०२४ ला लंडनहून सिंगापूरला जाणारं सिंगापूर एअरलाइन्सचं फ्लाइट ३२१ म्यानमारवर जोरदार टर्ब्युलन्समध्ये सापडलं, नाश्त्याची सर्व्हिस चालू होती, एक पॅसेंजर दगावला, बरेच जण छतावर आपटले आणि विमान बँकॉकला उतरवलं. आपल्याकडे जूनमध्ये मुंबईत उतरताना ढगांमधून येणारे हिसके रोजचे, ते या पातळीचे नसतात, पण अचानक जोराचा धक्का बसला तर गॅलीपर्यंत धावायचं नाही. ट्रॉलीला ब्रेक, गरम पाण्याचा जग ट्रॉलीत किंवा जमिनीवर, आणि जवळच्या रिकाम्या सीटवर बसून बेल्ट. सीट रिकामी नसेल तर जमिनीवर बसून आर्मरेस्ट घट्ट धरायचा. लोकांच्या मांडीवर बसावं लागलं तरी बसा, कोणी काही म्हणत नाही.

आग आणि पॉवर बँक

माझ्या मते सध्या सगळ्यात जास्त तयारी याची हवी, कारण आता प्रत्येक पॅसेंजरकडे निदान दोन लिथियम बॅटऱ्या असतात. १०० वॉट अवरपर्यंतची पॉवर बँक हँडबॅगेत चालते, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते, आणि चेक-इन बॅगेत पॉवर बँक अजिबात नाही. जानेवारी २०२५ मध्ये बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं ए३२१ जमिनीवर उभं असतानाच ओव्हरहेड बिनमधून आग लागून जळालं, सगळे बाहेर पडले म्हणून बरं, आणि संशय पॉवर बँकवरच होता.

आगीत तीन कामं एकाच वेळी चालतात. पहिला, ज्याला आग दिसली तो विझवतो. दुसरा कॉकपिटला कळवतो आणि फोनवरच राहतो. तिसरा जास्तीचे एक्स्टिंग्विशर, पीबीइ आणतो, लोकांना हलवतो, ऑक्सिजनच्या बाटल्या दूर नेतो. एकटीने हिरो बनायचं नाही, ओरडून दुसऱ्याला बोलवा.

बॅटरी पेटली तर आधी हॅलॉनने (एक्स्टिंग्विशरमधला गॅस) ज्वाळा मारायच्या. पण हॅलॉनने बॅटरी थंड होत नाही, आतला एकेक सेल तापून पुढचा पेटवत जातो, म्हणून लगेच पाणी ओतायचं. बिस्लेरीची बाटली, ज्यूस, कोल्ड्रिंक, दारू सोडून जे हाताशी असेल ते, भरपूर. बर्फ ठेवायचा नाही, ब्लँकेटने झाकायचं नाही, त्याने उष्णता आत कोंडते. आणि तापलेला, धूर सोडणारा फोन हातात उचलून टॉयलेटकडे पळत सुटायचं नाही, वाटेत फुटला तर तुमच्या तोंडावर. जागेवरच थंड होऊ द्या, मग ग्लव्ह्ज घालून पाण्याच्या भांड्यात किंवा तुमच्याकडे असेल तर त्यासाठीच्या बॅगेत ठेवा, आणि लँडिंगपर्यंत कोणीतरी त्याच्यावर नजर ठेवून बसा, परत पेटतं ते. फोन सीटच्या फटीत अडकला असेल तर पॅसेंजरला शोधू देऊ नका आणि सीट हलवू देऊ नका. फोन चिरडला की तिथेच पेट घेतो.

टॉयलेटचं दार बंद आणि धूर येतोय, तर हाताच्या मागच्या बाजूने दार वरपासून खाली चाचपा. गरम असेल तर धाडकन उघडायचं नाही. पीबीइ घालून, दाराआड वाकून, नोझल जाईल इतकीच फट करून हॅलॉन मारायचा आणि दार लावून घ्यायचं. २ जून १९८३ ला एअर कॅनडाच्या फ्लाइट ७९७ मध्ये टॉयलेटच्या भागात लागलेली आग आत दबा धरून राहिली, विमान सिनसिनाटीला उतरलं, दारं उघडली आणि आत ताजी हवा गेल्यावर काही क्षणांत सगळी केबिन पेटली. ४६ पैकी २३ जण आतच राहिले. त्यानंतर टॉयलेटमध्ये स्मोक डिटेक्टर सक्तीचे झाले. तेव्हा कोणी डिटेक्टरवर प्लॅस्टिक गुंडाळून सिगारेट ओढताना सापडला तर त्याच्याशी गोड बोलायची अजिबात गरज नाही.

मास्क खाली आले तर

केबिनची उंची, म्हणजे आतली हवा किती उंचीवरच्याइतकी विरळ आहे तो आकडा, साधारण १४,००० फुटांच्या वर गेली की मास्क पडतात. ३५,००० फुटांवर ऑक्सिजनशिवाय शुद्धीत राहून काही सुचण्याचा वेळ अर्धा ते एक मिनिट. म्हणून जवळचा मास्क ओढा, तोंडाला लावा आणि जिथे असाल तिथे बसा, ट्रॉली गेली खड्ड्यात. ओढल्याशिवाय ऑक्सिजन चालू होत नाही, नुसता लोंबता मास्क नाकाशी धरून उपयोग नाही, हे ओरडून आणि हातवारे करून दाखवा. पुरवठा १२ ते १५ मिनिटं, तेवढ्यात पायलट विमान १०,००० फुटांवर आणतात. वरचे ऑक्सिजन बनवणारे जनरेटर तापतात आणि जळका वास येतो, लोक आग आग म्हणून घाबरतात, त्यांना तो वास नेहमीचा आहे हे सांगा.

२० सप्टेंबर २०१८ ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात ब्लीडचे, म्हणजे इंजिनातली हवा केबिनला देणारे स्विच योग्य जागी नव्हते, केबिनला प्रेशरच मिळालं नाही, लोकांच्या नाकाकानातून रक्त आलं आणि विमान मुंबईला परत आलं. म्हणजे असं काही चढतानाच होऊ शकतं. कान भयंकर दुखताहेत असं चार-पाच जणांनी एकदम सांगितलं, तुम्हालाही गरगरल्यासारखं वाटलं तर चॉकलेट वाटत बसू नका, कॉकपिटला फोन करा. विमान खाली आल्यावर कॅप्टनने सांगितलं की मगच उठायचं, पोर्टेबल ऑक्सिजन घेऊन, आधी टॉयलेट बघायची, आत कोणी बेशुद्ध पडलेलं असू शकतं. आणि ऑक्सिजन द्यायच्या आधी लिपस्टिक, व्हॅसलिन पुसायला लावा, तेलकट पदार्थ आणि ऑक्सिजन यांचं जमत नाही.

मेडिकल आणि भांडखोर मंडळी थोडक्यात: एक जण पेशंटपाशी, एक जण किट आणायला, एक जण लीडला. श्वास नसेल तर छातीवर ३० दाब आणि तोंडाने २ श्वास, एइडी आला की तो सांगेल तसं. भांडण असेल तर शिवीगाळ लेव्हल १, धक्काबुक्की लेव्हल २, जिवाला धोका किंवा कॉकपिटमध्ये घुसायचा प्रयत्न लेव्हल ३, आणि त्याप्रमाणे ३ महिने, ६ महिने, २ वर्षं किंवा जास्त अशी नो-फ्लाय बंदी होऊ शकते. वाद घालू नका, काय बोलला ते शब्द न शब्द लिहा, साक्षीदारांचे सीट नंबर घ्या, रिपोर्ट त्यावरच उभा राहतो.

बाहेर काढायची वेळ

वेळ हातात असेल तर कॅप्टन लीडला चार गोष्टी सांगतो: काय झालंय, काय करणार, किती मिनिटं आहेत, आणखी काही खास सूचना. लीड त्या तशाच म्हणून दाखवते आणि घड्याळ जुळवते. वेळ नसेल तर "ब्रेस" ऐकलं की तुमची कमांड सुरू, विमान पूर्ण थांबेपर्यंत.

थांबल्यावर लगेच दार उघडायचं नसतं, कॅप्टनच्या कमांडची वाट बघायची. कमांड येतच नाही आणि आत धूर, आग, पाणी किंवा विमान मोडलेलं दिसतंय, कॉकपिटशी संपर्क होत नाहीये, तर निर्णय तुमचा. आधी खिडकीतून बाहेर बघा: आग, पाणी, अडथळा, इंजिन चालू आहे का. ठीक असेल तर दार आर्म्ड आहे याची खात्री, हँडल पूर्ण वर, एक हात असिस्ट हँडलवर कारण मागून लोंढा येतो, लाल हँडल ओढा, स्लाइड फुगली का बघा, मग बोलवा. स्वतः दाराच्या वाटेत उभं राहायचं नाही. आवाज पोटातून, शब्द छोटे, आपल्याकडे इंग्रजी आणि हिंदीत: बेल्ट खोला, सामान सोडा, इकडे या, उडी मारा. दार मध्येच निकामी झालं तर हात आडवे करून वाट बंद आणि दुसरीकडे पाठवा.

विमान सर्टिफाय करताना अर्धीच दारं वापरून, अंधारात, ९० सेकंदांत सगळे बाहेर आले पाहिजेत अशी अट असते. प्रत्यक्षात कसं होतं ते २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदाला दिसलं. जपान एअरलाइन्सचं ए३५०, आत ३७९ जण, रनवेवर कोस्ट गार्डच्या विमानाला धडकलं आणि पेटलं. अनाउन्समेंटची सिस्टीम बंद पडली, क्रूने मेगाफोन आणि गळा वापरला. आठ दारांपैकी तीनच वापरण्यासारखी होती, मागच्या डाव्या दाराच्या क्रूचा कॉकपिटशी संपर्क होईना तेव्हा तिथला निर्णय क्रूनेच घेतला. ३७९ च्या ३७९ बाहेर आले, छोट्या विमानातले सहापैकी पाच मात्र गेले. बॅगा घेऊ दिल्या नाहीत हे सगळेच सांगतात, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की जी दारं उघडायची नव्हती ती त्यांनी उघडली नाहीत. आतून लोक ओरडत असताना दार बंद ठेवणं हे उघडण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि ट्रेनिंगमध्ये याचा सराव मागून घ्या.

लोक संपले की आपल्या भागात "कोणी आहे का" ओरडत एकदा बघा, जमलं तर, धूर कोंडत असेल तर नाही. मेगाफोन, फर्स्ट एड घेऊन बाहेर, वाऱ्याच्या दिशेच्या विरुद्ध लोकांना एकत्र करा, मोजा, सिगारेट-लायटर बंद.

लँडिंगनंतर

नेहमीच्या दिवशी यातलं काहीच होत नाही. विमान गेटवर लागतं, बेल्ट साइन बंद होते, डिसआर्म, क्रॉस चेक, दार. तोवर अर्धे लोक उभे राहून बॅगा काढत असतात आणि त्यातली एखादी कोणाच्या तरी डोक्यात पडते, तेव्हा टॅक्सी चालू असताना उठलेल्यांना अनाउन्समेंट करून दटावून बसवा, लाजू नका. सगळे उतरल्यावर टॉयलेट, सीट पॉकेट, बिन्स बघायचे. जे बिघडलं ते केबिन लॉगमध्ये लिहायचं, तुटलेला बेल्ट असो की न लागणारा लॅच, सीट नंबरसकट, म्हणजे इंजिनिअरला शोधत बसायला नको. वापरलेलं प्रत्येक इक्विपमेंट, अगदी फर्स्ट एड किटमधली एक पट्टी जरी वापरली असली तरी, सील तुटलंय म्हणून लीडला सांगायचं. आणि पुढच्या सेक्टरला डोळे उघडे राहत नसतील तर तेही सांगायचं, त्यासाठी फटिग रिपोर्टचा फॉर्म असतो, तो भरायला कोणाची परवानगी लागत नाही.